राखीव पाणी

आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. कालवा इंग्रजांच्या काळातला, 1885च्या सुमाराला वाहता झालेला. भाटघर-वीरचं पाणी बारामतीकडचे ऊस भिजवत इंदापूर तालुक्यात उतरतं, आणि आमच्या फाट्याला लागेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, ह्याच कालव्यावर पाटकरी होते. 1999 साली रिटायर झाले तोवर तेहतीस वर्षं त्यांनी ह्या पाण्याच्या मागं पायपीट केली.

शहरातल्या माणसाला पाटकरी सांगावा लागतो. कालव्याला फाटे फुटतात, फाट्याला दारं असतात, दारातून पाटात पाणी आणि पाटातून शेतात. कुणाचं दार कधी उघडायचं, किती तास ठेवायचं, कधी बंद करायचं, हे बघणारा तो पाटकरी. शेजपाळीचा नियम असा की पाळी टेलपासून सुरू करायची आणि हेडकडे न्यायची. शेवटच्याचं आधी भिजलं पाहिजे. कागदावर हे फार सुंदर आहे. रात्री दोन वाजता वरचा माणूस दाराखाली दगड सारतो तेव्हा पाटकऱ्याकडे एक बॅटरी आणि एक काठी एवढंच असतं. आण्णांनी काठी कधी उगारली नाही. त्यांचं हत्यार म्हणजे पाठांतर. फाट्यावरची सतरा दारं, प्रत्येकाखालचं क्षेत्र, कुणाचा सात नंबरचा अर्ज आलाय, कुणाची पाणीपट्टी थकलीय, हे सगळं तोंडावर. भांडायला आलेला माणूस ते ऐकूनच निम्मा गार व्हायचा.

अशा माणसाचं डोकं घसरायला लागलं तेव्हा गावाला आश्चर्य वाटलं नाही. सत्तरी ओलांडली होती. “म्हातारपण दुसरं काय,” असं म्हणून लोक मोकळे झाले.

त्याआधी 2006 साली आण्णांना हार्ट अॅटॅक आला होता. उसाच्या लागणीत होते. छातीत जळजळ म्हणून सोडा घेतला, दुपारभर बाजेवर पडून राहिले आणि संध्याकाळी घामानं भिजल्यावर आम्ही जीपमध्ये घालून नेलं. जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग मेला तो मेलाच. पुढं सहा वर्षं ते हिंडत-फिरत होते. मग चढाला दम लागायला लागला, रात्री सपाट झोपवेना, संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतायला लागले. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली, तिच्यात ‘ईएफ 25 टक्के’ असं आलं. डावा कप्पा भरतो तेव्हा त्यातलं किती रक्त तो एका ठोक्याला बाहेर ढकलतो त्याचा हा आकडा. चांगल्या हृदयाचा पंचावन्नच्या वर असतो. गावात मात्र बातमी अशी फिरली की आण्णांचं हृदय पंचवीस टक्केच उरलंय आणि पंचाहत्तर टक्के गेलंय. लोक भेटायला आले ते जवळजवळ सांत्वनालाच.

विसरणं सुरू झालं ते ह्याच सुमाराला, 2012च्या पावसाळ्यात. मी बारामतीला हायस्कुलात विज्ञान शिकवते. शनिवारी दुपारी घरी यायचे. जुनं सगळं त्यांना आठवत होतं. 1972च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, कुणाच्या बैलाचं नाव काय, सगळं. अडायचं ते चालू हिशेबात. दुधाचा दहा दिवसांचा हिशेब मांडायला बसले की चौथ्या ओळीला थांबायचे, पुन्हा वरून सुरू करायचे. बोलताना मधेच वाट सुटायची. प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण उशिरा, आपण दुसरं काही बोलायला लागल्यावर. एकदा मारुतीच्या देवळापासून घरी यायला निघाले आणि शाळेच्या आवारात जाऊन बसले. पोरांनी आणून सोडलं. त्यांना राग यायचा, आणि आण्णांना राग येतो हेच आम्हाला नवीन होतं.

आणखी एक गोष्ट होती जी फक्त आईला दिसली. आई चौथी शिकलेली. डेअरीची एक जुनी वही तिनं आण्णांच्या औषधांसाठी घेतली होती. डॉक्टरांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायला सांगितलं होतं, म्हणून घरात वजनाचा काटा आला. वहीत आईनं रेघा मारून खाणी पाडली: वजन, पाय, उशा, गोळी. ‘उशा’ म्हणजे रात्री डोक्याखाली किती घ्याव्या लागल्या. एक, दोन, तीन. आणि ज्या रात्री बसूनच काढली त्या रात्री नुसती फुली. ही खाणी डॉक्टरांची. पाचवं खाणं तिनं मनानं घातलं, त्यावर लिहिलं ‘बोलणं’. त्यात ‘बरं’ किंवा ‘धुकं’.

दोन-अडीच महिन्यांनी ती मला म्हणाली, “बाय, ह्ये म्हातारपण न्हाई. म्हातारपण रोज असतंय. ह्यांचं येतंय आन् जातंय.”

मी वही चाळली. चोपन्न किलोला ‘बरं’. पंचावन्नला ‘बरं’. सत्तावन्नला, पाय सुजलेले, तीन उशा: ‘धुकं’, ‘धुकं’, ‘धुकं’. मग गोळी वाढवल्याची खूण, चार दिवसांत वजन उतरलेलं, आणि पुन्हा ‘बरं’. हायस्कुलात मी पोरांना निरीक्षण, नोंद, अनुमान असं फळ्यावर लिहून देते. इथं ते कुणी लिहून न देताच झालं होतं.

तालुक्याचे डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले. त्यांनी वही दोनदा वाचली. थायरॉइड, बी-12, सोडियम, साखर तपासायला लावली. डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला, कारण कमजोर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडं जाऊ शकते. मोठं काही निघालं नाही. मग त्यांनी खुर्ची आण्णांच्या समोर ओढली. आमच्याकडे न बघता आण्णांशीच बोलले, ह्याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे.

म्हणाले, “आण्णा, मेंदू म्हणजे सगळ्या अंगाच्या वजनात शंभरात दोन हिस्से. पण हृदय जेवढं रक्त सोडतं त्यातलं पंधरा टक्के एकटा मेंदू घेतो. प्राणवायू तर वीस टक्के. मिनिटाला पाच लिटर रक्त सुटतं असं धरा, तर पाऊण लिटर नुसतं डोक्याला.”

आण्णा जरा वेळानं म्हणाले, “म्हंजे बारमाही बागाईत.”

“बरोबर. आणि ह्या पिकाला पाळी चुकवून चालत नाही. त्याला साठवण नाही, चालू पाण्यावरच सगळं.”

“आन् कालवाच कमी सुटतोय.”

“तेच.”

डॉक्टरांनी पुढं जे सांगितलं ते मी नंतर वाचून पक्कं करून घेतलं, पण समजलं ते त्या दोघांच्या बोलण्यातूनच. हृदय कमी सोडायला लागलं की शरीर लगेच मेंदूला उपाशी ठेवत नाही. ते आधी बाकीची दारं दाबतं. कातडी, हातपाय, आतडी, मूत्रपिंडं ह्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या आवळल्या जातात. म्हणून असल्या माणसाचे हातपाय गार लागतात. मेंदूच्या स्वतःच्या नळ्याही हुशार असतात. रक्तदाब थोडा खाली आला तर त्या रुंद होतात आणि प्रवाह सांभाळून घेतात. आण्णांनी ह्याला लगेच नाव दिलं, ‘राखीव पाणी’. दुष्काळात धरणातलं पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात आणि शेतीची आवर्तनं बंद करतात, तसं. पण धरणातच साठा नसेल तर राखीव तरी कुठून राखणार? हृदयाचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळला की त्या नळ्यांची ही हुशारीही बोथट होते. मग डोक्याचाही हिस्सा घटतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2001 साली छापलेल्या एका कामात, हृदय फार थकलेल्या रुग्णांच्या मेंदूचा रक्तपुरवठा निरोगी माणसांपेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं कमी आढळला होता. त्यातल्या पाच जणांना दुसरं हृदय बसवलं, तर महिन्याभरात पुरवठा पूर्वपदावर आला. पाच म्हणजे फार नव्हेत. पण मला त्या आकड्यानं धीर दिला. मेंदू सगळा वाळून गेला नव्हता, निदान काही भाग नुसता सुकलेला होता, असा मी त्याचा अर्थ लावला.

मग पाय का सुजतात? हे आईनं विचारलं. पाणी कमी पडतंय म्हणता, आणि अंगात तर पाणी साठतंय. डॉक्टर हसले. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळालं की त्याला वाटतं दुष्काळ पडला. ते मीठ आणि पाणी अडवून धरायला लागतं. थकलेल्या पंपावर आणखी बोजा येतो, पाणी पायात उतरतं, फुप्फुसात चढतं. मानेच्या शिरा टरारून येतात, म्हणजे डोक्यातलं रक्त खाली यायची वाटही तुंबते.

“वरनं येणं कमी आन् खालचा चर बुजलेला,” आण्णा म्हणाले. “जमीन चिबड हुणार.”

आमच्याकडे कालव्याकाठच्या किती जमिनी अशा चिबड झाल्या आहेत. पाणी असून पीक नाही. ह्या एका शब्दानं आईला जेवढं कळलं तेवढं दहा पानांनी कळलं नसतं.

त्या दिवसापासून घरात नवी शेजपाळी सुरू झाली. दिवसाला दीड लिटर पाणी, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं धरून. आईनं एक तांब्या वेगळा काढला आणि मोजून दोन वेळा भरायचा ठरवला. तेहतीस वर्षं दुसऱ्याचं पाणी मोजणाऱ्या माणसाला आता घरात पाटकरी भेटला. उन्हाळ्यात ते चोरून माठाकडे जायचे. आई ओरडायची, “दार फोडू नगा!” आणि दोघंही हसायचे. मीठ तोडणं त्याहून अवघड. ठेचा गेला, लोणचं गेलं, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण गेलं. बिनमिठाची भाकरी आणि कमी मिठाचं कालवण पुढ्यात आलं की ते म्हणायचे, “ह्यापरास धुकं बरं.”

गोळ्यांचं तर एक चक्रच होतं. डोकं चालत नाही म्हणून गोळी विसरायची, गोळी विसरली म्हणून हृदय थकायचं, हृदय थकलं म्हणून डोकं आणखी चालायचं नाही. असले रुग्ण पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती होतात त्यात ह्या चक्राचा मोठा वाटा असतो. घरच्यांना वाटतं, सांगूनही ऐकत नाहीत. आईनं मसाल्याचा जुना गोल डबा घासूनपुसून घेतला. वाट्या होत्याच, सकाळ, दुपार, रात्र. गोळी देणं तिनं स्वतःकडे घेतलं, पण वाटी त्यांच्या हातात द्यायची. विचारायची, “ही कशाची?” त्यांनी “लघवीची” म्हणायचं. सांगता आलं तर वहीत ‘बरं’.

सरळ रेषेत सगळं सुधारत गेलं असं मात्र नाही. 2013च्या मेमध्ये वजन एकदम बावन्नवर आलं. पाय कोरडे, उशी एक. वहीप्रमाणे ‘बरं’ यायला हवं होतं, आणि आण्णा तर आईलाच ओळखेनात. दोन दिवस जुलाब झाले होते आणि पाण्याची गोळी चालूच होती. सोडियम 118 निघालं. 135च्या खाली जाऊ नये असं म्हणतात. रक्तदाबही इतका उतरलेला की बाजेवरून उठले की डोळ्यापुढं अंधारी यायची. चार दिवस भरती होते. डॉक्टर म्हणाले, फार सुकवलं तरी मेंदूला झेपत नाही. तेव्हापासून आईनं वहीत दोन रेघा मारल्या, एक वरची, एक खालची. त्रेपन्न आणि छप्पन्न. ह्याच्या बाहेर गेलं की फोन.

रात्रीचं अजून सांगायचं राहिलं. आण्णांचा श्वास झोपेत वाढत वाढत जायचा, भात्यासारखा, मग हळूहळू बारीक होत पार थांबायचा. आई अंधारात मोजायची. पंधरा, वीस, कधी पंचवीस. मग मोठा उसासा आणि पुन्हा सुरू. ती पहिल्यांदा अशी मोजत बसली त्या रात्री तिनं देवापुढं दिवा लावून ठेवला होता. असल्या श्वासाचं वर्णन जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स ह्या डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी केलंय, एकानं 1818 साली, दुसऱ्यानं 1854 साली, आणि दोघांच्या नावानंच तो ओळखला जातो. त्यामागचं एक कारण असं की फुप्फुसातून निघालेलं रक्त मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रापर्यंत उशिरा पोचतं. केंद्राला कळतं ते शिळं. ते म्हणतं, फार झालं, थांबवा. तोवर इथं खरंच कमी पडायला लागलेलं असतं. मग म्हणतं, सोडा, सोडा. तोवर जास्त झालेलं असतं.

हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. टेलला पाणी फुटलं म्हणून निरोप पाठवायचा, हेडचं गेट खाली व्हायचं, पण मधल्या कालव्यातलं पाणी येतच राहायचं आणि रान बुडायचं. मग गेट वर करा म्हणून निरोप, तोवर पाट कोरडा. त्यांची निम्मी नोकरी ह्यातच गेली होती.

हे सगळं मी इतकं तपशिलानं लिहिते आहे त्याचं कारण 2014 सालची एक सकाळ. विहिरीकडची सव्वा एकर आण्णांच्या स्वकष्टाची, फंडाच्या पैशांतून घेतलेली. ती आईच्या नावानं व्हावी असं त्यांच्या मनात फार दिवस होतं. “मी गेल्यावर हिला पोरांफुडं हात पसराय लागू नये,” एवढंच त्यांचं म्हणणं. मृत्युपत्र करायचं ठरलं आणि भावकीत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, कुणीही काहीही लिहून घेईल. दादालाही धाकधूक होती. त्याला जमिनीचा लोभ नव्हता, पण उद्या कोर्टात कुणी उभं राहिलं तर शाळेच्या आवारातली गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती.

तारीख आईनं ठरवली. पंचांगात बघून नव्हे, वहीत बघून. सलग आठ दिवस चोपन्न किलो, एक उशी, पाय कोरडे, ‘बरं’. वेळ सकाळची, कारण दुपार कलली की ते थकायचे. डॉक्टरांनी दवाखान्यातच तपासलं. झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला. मग प्रश्न. वार बरोबर सांगितला, तारीख एकानं चुकली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, पाच मिनिटांनी एकच आठवला. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

डॉक्टरांनी विचारलं, “आण्णा, तुमच्याकडे काय काय आहे? कुणाकुणाचा हक्क पोचतो? आणि हे कुणाला देताय, का देताय?”

आण्णा नेहमीप्रमाणे थांबले. कुणी मधे बोललं नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं: वडिलोपार्जित किती, त्याला हात लावायचा नाही, ते पोरांचं आणि पोरीचं. विहिरीची सव्वा एकर माझी, कुठल्या साली घेतली, कितीला घेतली. ही हिला. “का म्हंजे? तेहतीस वर्सं मी रात्रीचा पाटावर. घरचं रान हिनं भिजवलं.” आणि मग कुणी न विचारता फाट्यावरची सतरा दारं, टेलपासून हेडपर्यंत, क्षेत्रासकट. डॉक्टर ऐकत राहिले. बाहेर रांगेतला एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला, तो म्हणाला, “आकराव्याखाली आमचं पाच गुंठं जादा हाय, पाटकरी.” आण्णा म्हणाले, “अर्ज केला का?”

डॉक्टरांनी दाखल्यात तीन शब्दांचंही लिहिलं आणि हेही लिहिलं, की आपली मालमत्ता, आपले वारस आणि आपण करत असलेल्या गोष्टीचा परिणाम ह्या माणसाला पूर्ण समजतो. दोन साक्षीदारांत एक दादा उभा राहणार होता, पण वकिलांनी घरचा नको म्हणून सांगितलं. निबंधक कार्यालयात आण्णांनी सही केली तेव्हा हात गार होता, अक्षर मात्र मोजणीच्या वहीतलं.

आण्णा 2016च्या मार्चमध्ये गेले. शेवटचे तीन महिने धुकं फारसं उठलं नाही; वजन रेघांच्या आत असलं तरी नाही. काही सुकलं होतं, काही वाळलंही होतं बहुतेक. भावकीनं हरकत घेतली नाही. आता विहिरीच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे आणि पाण्याचा अर्ज ती स्वतःच्या सहीनं करते.

वजनाचा काटा अजून ओसरीवर असतो. परवा वरच्या आळीतली एक सून सासऱ्याचं सांगत आली होती. म्हातारबा जेवलेलं विसरतात, रात्री बसून राहतात, वळखच देत न्हाईत कधी कधी, बाहेरचं बघावं का म्हणून विचारत होती. आईनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

“नडगीवर अंगठा दाबून बघितला का? खड्डा ऱ्हातोय?”

तिला माहीत नव्हतं.

“बघ. आन् ह्यो काटा घिऊन जा. सकाळी मुतून आल्यावर, च्याच्या आधी. लिव्हून ठेव, आन् डाक्टरकडं वही घिऊनच जा.”